किझिल-आर्तच्या दोन चौक्यांमधला रस्ता

पामीर महामार्गावरच्या, म्हणजे एम-४१वरच्या, सायकल प्रवासाविषयी बोलताना बहुतेक जण आधी अक-बैतालचे नाव घेतात, कारण ४,६५५ मीटर उंचीची ती खिंड या मार्गावरची सर्वांत उंच खिंड आहे. ताजिकिस्तानातल्या मुरगाबहून किर्गिझस्तानातल्या सरी-ताशकडे जाणाऱ्याने खरी तयारी करावी ती मात्र किझिल-आर्त खिंडीची, असे माझे ठाम मत आहे. तिची उंची कमी, सुमारे ४,२८० मीटर. पण ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान यांची सीमा तिच्यावरून जाते, आणि ताजिक चौकीपासून बोर-दोबो येथील किर्गिझ चौकीपर्यंतचा सुमारे २० किलोमीटरचा रस्ता जणू कोणाचाच नाही.

काराकुल गाव सोडल्यानंतर उय-बुलाकची खिंड ओलांडून आपण मार्कान्सूच्या ओसाड खोऱ्यात उतरतो. इथला वारा दुपारनंतर इतका चढतो की सपाटीवरही सर्वांत हलका गिअर लावावा लागतो, म्हणून हे खोरे सकाळीच पार करावे. रस्ता जागोजागी पन्हाळी पत्र्यासारखा झालेला आहे. सुट्या खडीवरून चाके ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने गेली की अशा वळ्या आपोआप उठतात. मोटारी त्यांच्या माथ्यांवरून वेगाने निघून जातात, पण सायकलला तो वेग कधीच गाठता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वळीचा दणका हातांना, खोगिराला आणि कॅरिअरच्या स्क्रूंना सोसावा लागतो. रुंद टायर, त्यांत नेहमीपेक्षा कमी हवा आणि रोज संध्याकाळी प्रत्येक स्क्रू तपासण्याची सवय, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. रस्त्याच्या कडेची मऊ पट्टी शोधत राहणे हे तर दिवसभराचे कामच होऊन बसते.

ताजिक चौकी खिंडीच्या थोडी अलीकडे आहे. ताजिकिस्तानचा हा भाग गोर्नो-बदख्शान स्वायत्त प्रांतात येतो, म्हणून व्हिसाबरोबर त्या प्रांताचा परवानाही हाताशी ठेवावा. एकदा निर्गमनाचा शिक्का बसला की प्रवासी कागदोपत्री ताजिकिस्तानच्या बाहेर असतो, मात्र किर्गिझस्तानात अजून शिरलेला नसतो. पुढे हवा बिघडली तरी मागे परतणे अवघड, म्हणून आकाश पाहूनच शिक्का घ्यावा, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. चौकीपासून माथ्यापर्यंतचा चढ अंतराने लहान असला तरी मी तो थांबत थांबत, काही ठिकाणी सायकल हाताने ढकलतच चढलो, आणि तसेच चढणे मला योग्य वाटते.

माथ्यावर मार्को पोलो मेंढ्याचा, म्हणजे पामीरमधल्या रानमेंढ्याचा, पुतळा आहे. त्यानंतरच्या उतारावर लाल माती सुरू होते. ती कोरडी असेल तर केवळ ब्रेक आणि नजर सांभाळावी लागते. पाऊस किंवा वितळणारे बर्फ मिळाले की तीच माती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये घट्ट बसते आणि उतारावरही सायकल जागची हलत नाही. मडगार्ड आधीच काढून ठेवणे बरे. ओढे सकाळी उथळ असतात, दुपारी वितळलेल्या बर्फाने फुगतात, तेव्हा इथेही लवकर निघालेल्याचीच सोय होते.

बोर-दोबोला प्रवेशाचा शिक्का मिळाल्यावर घड्याळ एक तास पुढे करावे. पुढे अलाय खोऱ्यातून सरी-ताशपर्यंत डांबरी रस्ता आहे, आणि मागे वळून पाहिले की ७,१३४ मीटरच्या लेनिन शिखरासह सारी बर्फाच्छादित रांग एका नजरेत येते. मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी सीमा-करारावर सह्या केल्या, याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही निघण्यापूर्वी चौकीचे चालू नियम तपासून घ्यावेत.

किर्गिझस्तानातल्या ओश शहराहून उलट दिशेने येणाऱ्यांनी उंचीचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा. ओश साधारण १,००० मीटरवर आणि सरी-ताश ३,१०० मीटरच्याही वर आहे. तिथे निदान दोन रात्री राहून, डोकेदुखी नसेल तरच बोर-दोबोकडे निघावे.