बाईकवर देशाबाहेर: लायसन्स, आयडीपी आणि कार्नेट

आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे परदेशात गाडी चालवायचा परवाना) काढायला निघण्याआधी मूळ लायसन्सची तारीख बघा. आयडीपी जास्तीत जास्त एक वर्षाचा मिळतो, आणि लायसन्स त्याआधी संपत असेल तर तोही त्याच दिवशी संपतो. माझ्या लायसन्सचे सातच महिने उरले होते, म्हणून आधी नूतनीकरण केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून ते करता येतं. उलट क्रमाने गेलात तर आयडीपीचे हजार रुपये पाण्यात.

अर्ज सारथी पोर्टलवर, फॉर्म ४ए, फी १,००० रुपये. मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसा या दोन्ही अटी केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये काढून टाकल्या. तरी आरटीओच्या खिडकीवर "व्हिसा कुठंय?" असं विचारलंच. अधिसूचनेची प्रिंट सोबत होती, ती पुढे केल्यावर विषय संपला.

आयडीपीची पुस्तिका हातात आली की तिथेच उभं राहून वाहनवर्गाचं पान उघडायचं. 'ए' म्हणजे मोटारसायकल, 'बी' म्हणजे कार. माझ्या लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटारसायकल) आणि एलएमव्ही (कार) दोन्ही होतं, पण शिक्का पडला फक्त 'बी'पुढे. दहा मिनिटांत दुरुस्त झालं. घरी आल्यावर लक्षात आलं असतं तर पुन्हा एक खेप. 'ए' रिकामा असेल तर परदेशात तुम्ही विनापरवाना चालक, आणि अपघात झाला की प्रवास विमावाले आधी हेच पान मागतात. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीखही पासपोर्टशी ताडून बघा. आयडीपी हे लायसन्सचं भाषांतर आहे, त्यामुळे मूळ कार्ड सोबत नसेल तर त्याला काही किंमत नाही.

आपला आयडीपी रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराचा. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा मानतो, तिथे आपला चालत नाही. चीन कुठलाच मानत नाही. तात्पुरतं चिनी लायसन्स, तात्पुरती नंबरप्लेट आणि सोबत गाइड, असा सगळा खर्चिक मामला. नेपाळला मात्र आपलं साधं लायसन्स पुरतं. सीमेवर बाईकचं भन्सार (नेपाळी कस्टम्सचं शुल्क) दिवसांच्या हिशेबाने भरायचं, आणि दोन दिवस जास्तीचेच भरा, कारण मुदत ओलांडली की दंड.

इराणसारख्या देशात बाईक न्यायची तर कार्नेट लागतं, म्हणजे आयात कर न भरता गाडी तात्पुरती आत नेऊन परत आणायचं कस्टम्सचं पुस्तक. मुंबईत ते वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते, आपल्याकडून पैशांची हमी घेऊन, एक वर्षासाठी. बाईकवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी मिळवा, तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. चासी आणि इंजिन नंबर आरसीवरून उतरवू नका, गाडीवरचा ठसा टॉर्च लावून वाचा. इंग्रजी 'ओ' आणि शून्य यांची अदलाबदल सीमेवरच पकडली जाते.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. आत शिरताना कस्टम्सवाला खालचा तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना मधला. वरचा भाग आपल्याकडे राहतो, आणि त्यावर शिरतानाचा आणि निघतानाचा असे दोन्ही शिक्के हवेत. रात्री उशिरा सीमा ओलांडताना दुसरा शिक्का हमखास राहतो. मग बाईक त्या देशातच विकली असं धरलं जातं आणि आयात ड्युटीची मागणी आपण दिलेल्या हमीवर येते. शिक्का बघितल्याशिवाय किक मारू नका.