आईचा व्हिसा, एक जून आणि तांदळातलं नाव

पासपोर्टचा विषय निघाला की नाशिकचा माणूस उगाचच कॉलर ताठ करतो, कारण देशभराचे पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात. १९२५ पासूनची प्रेस, आता ते चिपवाले ई-पासपोर्ट पण तिथलेच. जेलरोड-उपनगरकडे तर घरटी एक काका प्रेसमधून रिटायर झालेले. पण उपयोग काय, आईच्या जर्मनीच्या व्हिसासाठी शेवटी पहाटे उठून मुंबईची पंचवटी एक्सप्रेस पकडावीच लागली.

भाऊ तिकडे असतो, त्याच्याकडे दोन महिने आईला पाठवायचं होतं. ज्याला विचारावं तो बँक बॅलन्सचं सांगतो. ते लागतंच, शिवाय शेंगेनसाठी (जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतो, परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट अजून तीन महिने तरी चालू हवा, दोन पानं कोरी हवीत, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. पण हे सगळं यादी बघून उरकतं हो. आपल्याकडच्या बायकांची खरी गोची नावात आहे आणि त्यावर कोणी बोलतच नाही.

आईच्या शाळेच्या दाखल्यावर कुसुम, पुढे आजोबांचं नाव, माहेरचं आडनाव. जन्मतारीख १ जून, म्हणजे अर्थातच मास्तरांनी घातलेली, त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच असतो. मग लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने शकुंतला लिहिलं आणि कुसुम संपली. बरं संपली तरी नीट संपावी ना, आधारवर शकुंतलाबाई, पॅनवर नुसती शकुंतला, बँकेत बाबांच्या नावाचं एकच अक्षर, आणि भावाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव चक्क कुसुम! कारण बाळंतपण माहेरी झालं आणि नोंद करायला मामा गेला होता. आता जो मुलगा बोलावतोय त्याची ही आईच आहे हे दाखवायला तोच दाखला जोडायचा.

एजंट म्हणाला, "ताई, एवढं कोणी बघत नाही." असल्या माणसांचा मला मनापासून राग येतो, व्हिसा नाकारला तर फी याच्या खिशातून थोडीच जाणार आहे. मोठ्या माणसाची ९० युरो आहे जून २०२४ पासून, नाकारला तरी परत मिळत नाही.

मग नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टात जाऊन कुसुम आणि शकुंतला ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र केलं. तिथल्या वकिलांनी विचारलं, "काकू, खरं नाव कोणतं?" आई शांतपणे म्हणाली, "कोणाकडचं सांगू?" ते टाइप करायचे थांबून हसायलाच लागले. शिवाय एका पानाचं साधं पत्र लिहिलं, कुठल्या कागदावर कुठलं नाव आणि का, लग्नात नाव बदलायची पद्धत वगैरे सगळं, सोबत दोघांचं लग्नाचं सर्टिफिकेट आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. मुंबईत काउंटरवरच्या मुलीने ते पत्र दोनदा वाचलं, काही न बोलता फाईलला लावलं आणि आईला बोटांचे ठसे द्यायला पाठवलं. शेतात, भांडी घासण्यात झिजलेली बोटं, मशीन घेईना, आईला वाटलं व्हिसा गेलाच. पुसून, दाबून, परत पुसून एकदाचे उमटले. हे ठसे ५९ महिने चालतात म्हणे, म्हणजे मधे परत जायचं झालं तर हा कार्यक्रम सहसा नाही.

व्हिसा आला. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा एप्रिल-मेची वाट बघू नका, सगळं जग तेव्हाच निघतं आणि स्लॉट मिळत नाहीत.

आता मावशीला दुबईला जायचंय आणि तिच्या जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा, आख्खं नाव एकाच ओळीत. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईवाले पासपोर्टवर नुसतं एकच नाव असलं तर टुरिस्ट व्हिसाला अडवतात, पुढे वडिलांचं नाव किंवा आडनाव दुसऱ्या पानावर असेल तर चालवून घेतात असं झालं, पण विमानतळावर कोण वाद घालत बसणार. म्हटलं आधी पासपोर्ट री-इश्यू करून आडनाव नीट घालून घे, साधी फी दीड हजारच आहे. तर म्हणते, "अगं, सोनं बघायला तर जायचंय, आडनाव काय करायचंय त्यांना?"