सेजविक अव्हेन्यूवरची पंचवीस सेंटची पार्टी

न्यूयॉर्कचे पहिले चार दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले, पाय दुखले, फोटो काढले, झालं. पाचव्या दिवशी भाच्याला म्हटलं, मला ब्रॉन्क्सला घेऊन चल. ताई डबा भरता भरता कुरकुरत होती, तिथं काय ठेवलंय बघायला, त्यापेक्षा मॉलला जा. अगं ताई, तिथं १५२० सेजविक अव्हेन्यू आहे, रॅप जिथून सुरू झालं म्हणतात ती बिल्डिंग!

भाच्याशी माझं आल्यापासून वाजत होतं. तो सोळाचा, कानात सतत रॅप. मी हॉस्टेलवर रॅपर टुपाकच्या कॅसेट घासून घासून ऐकलेली, आणि माझा हेका एकच, आमच्या वेळच्या रॅपमध्ये काहीतरी सांगणं होतं, आता नुसता पैसा, गाड्या आणि घड्याळं. तो म्हणायचा, "मावशी, तू नवीन काही ऐकलंयस तरी का?" खरं सांगते, नव्हतं ऐकलं.

४ नंबरची ट्रेन यांकी स्टेडियमपाशी जमिनीतून वर येते आणि मग रस्त्याच्या डोक्यावरून धावते. उतरून बरंच चालल्यावर ती बिल्डिंग आली. उंच, विटांची, अगदी साधी. खालून हायवेच्या गाड्यांचा आवाज थांबतच नाही. लोक राहतात तिथं, एक आजी सामानाच्या पिशव्या घेऊन आत जात होत्या, आणि मला एकदम कोणाच्या तरी दाराचा फोटो काढायची लाज वाटली. मोबाइल पर्समध्ये टाकला.

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी तिला नवे कपडे घ्यायचे होते, पैसे जमवायला पार्टी, मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, जमैकाहून आलेला. गाण्यात नुसते ड्रम वाजतात तेव्हा पोरं जास्त नाचतात हे त्याने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत तो तेवढाच तुकडा लांबवायचा. हिप हॉप, म्हणजे रॅप ज्यातून आलं ते, इथून निघालं असं मानतात.

हे मी भाच्याला अगदी रंगून सांगत होते, तर तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे पहिला मेसेज नवे कपडे हाच होता ना?"

मला काही बोलताच येईना. क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवेने वस्त्या मधोमध चिरलेल्या, सत्तरच्या दशकात आजूबाजूच्या इमारती जळत होत्या, आणि त्यात एका मुलीला शाळेत चांगलं दिसायचं होतं. तिला मी नावं ठेवली असती का? मग याच ब्रॉन्क्सची रॅपर कार्डी बी स्वतःच्या कमाईबद्दल गाते तेव्हा का ठेवते? १९८२ च्या 'द मेसेज' या गाण्यात रॅपर मेली मेलने वस्तीची गरिबी मांडली, ज्याचा दाखला मी सगळ्यांना देते, तेही गाणं करायला त्याचा ग्रुप, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅशचा, आधी तयार नव्हता, लोक पार्टीला येतात, त्यांना हे कशाला ऐकवायचं म्हणून. माझी 'आधी विचार, मग पैसा' ही सगळी मांडणीच उलटी होती.

परतताना ट्रेनमध्ये त्याने एक इअरफोन मला दिला. २०१७ चा रॅपर जे-झी, न्यूयॉर्कमधली एक इमारत स्वस्तात मिळत असताना घेतली नाही म्हणून हळहळतोय, आपल्या कृष्णवर्णीय लोकांनी पैसा टिकवावा, मालकीचं काही करावं असं कळकळीने सांगतोय. मग केंड्रिक लामार, ज्याच्या अल्बमला २०१८ मध्ये पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. शब्द पटापट जातात, निम्मे मला कळलेच नाहीत, त्याने थांबवून थांबवून सांगितले, न कंटाळता.

मग मी त्याला टुपाकच्या आईबद्दल सांगितलं. आफेनी शकूर, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेतली, पोटात टुपाक असताना तुरुंगात होती, आणि याच पँथरवरून आपल्याकडे १९७२ ला मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. हे मात्र त्याला माहीत नव्हतं. बराच वेळ प्रश्न विचारत होता, नामदेव ढसाळ कोण, कविता इंग्रजीत मिळतील का.

म्हटलं आता टुपाकचं आईवरचं गाणं लाव, तुला ऐकवते. त्याला ते तोंडपाठ होतं.