तुम्ही विचारलंत म्हणून: उरलेल्या सहा दिवसांचं काय?

मिरज-सांगलीकडे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी मिशनचा दवाखाना आठवतो. 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत तो सुरू केला. दवाखाना, शाळा आणि रविवारची उपासना, एवढ्यात आमची ओळख संपते. म्हणून कधी शेजारी विचारतात, तर कधी आमच्या मंडळीतलीच, म्हणजे चर्चमधलीच, तरुण पोरं: रविवार कळला, पण बाकीचे सहा दिवस तुम्ही वेगळं काय करता? याचं उत्तर पैशापासून द्यावं लागतं, आणि तेही आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या पैशापासून.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात सरळ आज्ञा आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेऊ नये. आपल्याकडे द्राक्षबागेला वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी. दोन्ही वेळी मजुरांच्या टोळ्या लागतात आणि नेमके त्याच वेळी मालकाचे पैसे औषध-खतात अडकलेले असतात. मग "बाजाराच्या दिवशी बघू" सुरू होतं. यावर उपाय एकच. टोळी सांगण्याआधी हजेरीची, म्हणजे रोजच्या मजुरीची, रक्कम वेगळी काढायची आणि तेवढीच माणसं सांगायची. आठवड्याने चुकती करायची बोली टोळीनेच केली असेल तर हरकत नाही. ती आपण परस्पर ठरवली तर मात्र आज्ञा मोडली. उचल दिली असेल तर वहीत दोघांच्या समोर लिहावी आणि कापताना किती राहिले ते वाचून दाखवावं. मुकादमाच्या हाती एकगठ्ठा पैसे दिले की आपली जबाबदारी संपली, असं समजू नये. बायकांच्या हातात किती पडले हे विचारायला दोन मिनिटं लागतात. आणि सारख्या कामाला गड्याला एक हजेरी, बाईला दुसरी, हा "गावचा रिवाज" सांगणाऱ्याने बायबल पुन्हा उघडावं, इतकंच म्हणतो. देशाचा कायदाही 1976 पासून याच्या विरुद्ध आहे.

वजनाचंही तसंच. त्याच अध्यायात पुढे खरा तराजू आणि खरी वजनं ठेवा, असं सांगितलंय. काटा मारणं म्हणजे दरवेळी दांडीला बोट लावणं नव्हे. इलेक्ट्रॉनिक काटा तिरक्या फरशीवर ठेवला तरी वजन चुकतं. त्यावरचा पाण्याचा बुडबुडा मध्यावर आहे का ते बघावं. मग पाच किलोचं शिक्क्याचं वजन मधोमध ठेवून बघावं आणि चारही कोपऱ्यांवर फिरवावं. पाचही जागी आकडा एकच यायला हवा. सरकारी वैधमापन खात्याचा शिक्का अशा काट्याला दरवर्षी लागतो, त्याची तारीख संपू देऊ नये. बारदान अंदाजाने धरू नये, रिकामं पोतं काट्यावर ठेवून मगच वजा करावं. पोत्यामागे 200 ग्रॅम जास्त कापले तर शंभर पोत्यांत 20 किलो हळद गेली, आणि ती कुणाच्या तरी घरातून गेली.

हे झालं घेणाऱ्याचं. देणाऱ्यानेही पोत्याच्या तोंडाशी पिवळीधमक हळकुंडं आणि बुडाला अर्धवट शिजलेली, असं भरू नये. नीट वाळलेलं हळकुंड कडकन मोडतं. ओलसर असेल तर वाकतं, वजनाला भरतं आणि पुढे बुरशी धरतं. पोत्याच्या मधून आणि तळातून दोन-दोन हळकुंडं काढून गिऱ्हाइकासमोर मोडून दाखवावीत.

आता आपला पैसा. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहितो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवावं. म्हणजे आधी काढायचं. महिनाअखेरीला उरलं तर देऊ म्हणणाऱ्याचं काही उरत नाही. पगार 20,000 असेल तर दशांशाचे, म्हणजे देवासाठी काढलेल्या दहाव्या हिश्श्याचे, 2,000 पगाराच्या दिवशीच निघाले पाहिजेत. शेतकऱ्याने खर्च वजा करून काढावं, असं आमचं मत. पाळकांपैकी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपैकी, काहींना ते पटत नाही. पण दशांश दिला म्हणून आईबापाच्या औषधाला हात आखडता घेणं चालत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात प्रभू येशूने नेमका हाच पळवाटीचा मार्ग बंद केलाय. कापणीच्या सणाला चर्चमध्ये वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात भरात येऊन नारळाला पाचशेची बोली करणारे आणि वर्षभर ती न फेडणारे प्रत्येक मंडळीत सापडतात. त्यांनी बोली न केलेली बरी.

शेजाऱ्याच्या घरचा प्रसाद ख्रिस्ती माणसाने घ्यावा का, हे हमखास विचारतात. पौलाने करिंथच्या पहिल्या पत्राच्या 8व्या आणि 10व्या अध्यायात मूर्तीला वाहिलेलं अन्न खाण्यावर बरंच लिहिलंय. त्यात मुख्य भर दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागू नये यावर आहे. घेणारे आहेत, न घेणारेही आहेत. न घेणाऱ्याने हात जोडून, हसून सांगावं आणि पुढ्यातला चहा मात्र प्यावा.

पैशाइतकीच घसरायची दुसरी जागा म्हणजे प्रार्थनासभा. "अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, म्हणजे झालंय काय…" इथून पुढची पाच मिनिटं निव्वळ चहाडी असते. नाव आणि "आजारी आहे" किंवा "अडचणीत आहे" एवढं प्रार्थनेला पुरतं. तक्रार असेल तर मत्तयाच्या 18व्या अध्यायाप्रमाणे आधी एकट्याने त्याच माणसाकडे जायचं, मग एक-दोघांना घेऊन, आणि मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक वेळा उलटीकडून सुरू करतो.

आणि चुकलंच तर? नुसती क्षमा मागून भागत नाही. लेवीयाच्या 6व्या अध्यायात हिशेब दिलाय: घेतलेलं पुरतं परत, वर त्याचा पाचवा हिस्सा. 500 कमी दिले असतील तर 600 परत करायचे. टोळी गावी गेली असेल तर मुकादमाकडून प्रत्येकाचा नंबर घेऊन ज्याचे त्याला पाठवावेत आणि कशाचे ते फोनवर सांगावं. माणूस वारला असेल तर त्याच्या घरच्यांना द्यावेत. घरचं कुणीच उरलं नसेल तर बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 5व्या अध्यायाप्रमाणे ते देवाचे. म्हणजे मंडळीच्या पेटीत जातील, पण आपल्या दशांशात धरायचे नाहीत.