तिलवाड्याचा ठेका आणि दोन ओळी

जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं उतरलं की दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांचा भरवसा राहत नाही. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या मासिक संगीत सभेसाठी पुण्याची गायिका आदल्या रात्रीच येऊन पोचली होती, पेटीला इथलेच एकजण होते. तबल्याचे साथीदार मात्र दिल्लीचा कार्यक्रम आटोपून येणार होते आणि त्यांची गाडी पलवलच्या आसपास अडकली होती. सभा सहाची, आणि हे कळलं पाच वाजता.

मी एका हिंदी दैनिकाच्या शहर-पानासाठी गाण्याबजावण्याबद्दल लिहिते, शिवाय इथल्या मराठी समाजाच्या मासिकासाठीही. दैनिकाला साडेदहाच्या आत अडीचशे शब्द द्यायचे असतात. म्हणून मी सभेला लवकर जाते. तंबोरे जुळताना ऐकले की कलाकार त्या दिवशी कसा आहे याचा अंदाज येतो.

आयोजकांनी फोन फिरवले. शेवटी महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका यायला तयार झाले. श्रोते म्हणून ते दर महिन्याला येतातच, तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसतात. ते तबला वाजवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मंचावर बसलेलं त्यांना अलीकडे कुणी पाहिलं नव्हतं.

काकांनी घरून आणला तो तबला काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा. गायिकेचा षड्ज काळी चार. म्हणजे तबला आहे तसाच ठेवला तर तो तिच्या मध्यमात बोलणार, आणि ती गाणार होती राग हमीर. काकांनी क्षणभर विचार केला आणि तबला काळी दोनपर्यंत चढवून तिच्या पंचमात लावायचं ठरवलं. पूर्ण एक स्वर चढवायचा, तोही थंडीत, आणि पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, काही नवी नव्हती. एकेक लाकडी गठ्ठा हातोडीनं खाली सरकवत, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हलके ठोके देत, प्रत्येक घराला चाटेवर, म्हणजे काठावर, बोट टेकवून ऐकत ते पुढं जात होते. पुडी फाटेल या धास्तीनं आयोजक खोलीत येऊन जाऊन पाहत होते. गायिका तंबोऱ्याचा पंचम पुन्हा पुन्हा छेडून देत राहिली. सगळी घरं एका सुरात आली तेव्हा सात वाजायला आले होते आणि दोघांचं बोलणं एवढंच झालं होतं: "काका, तिलवाडा घ्याल?" "घेईन. लय तुम्ही दाखवा." तिलवाडा म्हणजे संथ ख्यालाचा सोळा मात्रांचा ठेका.

ग्वाल्हेरला येऊन ग्वाल्हेर गायकी गाणं कुणालाही सोपं जात नाही. शिंद्यांच्या दरबारात हद्दू-हस्सू खाँ गायले ते हे शहर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हीच गायकी शिकून महाराष्ट्रात नेली, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 साली इथं संगीत विद्यालय काढलं, 1918 साली भातखंड्यांच्या पुढाकारानं माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. या दोन ठिकाणी शिकलेल्यांची मुलं-नातवंडं आमच्या सभेला सतरंजीवर बसतात आणि बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतात. गायिका म्हणालीही, "इथं ख्याल गायचा म्हणजे आजोळी परीक्षा."

तिनं रीतीप्रमाणे आधी स्थायी-अंतरा पूर्ण गायला आणि मग विस्ताराला लागली. पहिली काही आवर्तनं ती मुखड्याच्या, म्हणजे समेवर नेणाऱ्या ओळीच्या, आधी मान वळवून काकांकडे पाहत होती. साहजिकच होतं, अनोळखी हात, अनोळखी वाद्य. काका खाली मान घालून सोळा मात्रा वाजवत होते. धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं. प्रत्येक तिरकिट तितक्याच वजनाचं, नवव्या मात्रेचा 'ता' स्वच्छ उघडा. दोन बोलांमधली जागा त्यांनी जागाच ठेवली. विलंबितात त्या मोकळ्या जागेचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, बोटं शिवशिवतात आणि गाणाऱ्याच्या श्वासावर तबला चढून बसतो. इथं तसं झालं नाही. एका आवर्तनात गायिका बेहलाव्यात, म्हणजे संथ आलापीत, धैवतावर रमली आणि मुखडा हातचा गेला. काकांनी ठेका जराही जोरात केला नाही, तुकडा टाकून सम दाखवली नाही. पुढचं आवर्तन त्याच संथपणे सुरू केलं. ती सावकाश ग म नि ध करत परतली आणि समेवर आली तेव्हा सभागृहातून एकदम दाद उठली. त्यानंतर तिनं मान वळवून पाहणं सोडलं. मी वहीत लिहिलं: "आता बघत नाही." त्या संध्याकाळची माझी सगळ्यात मोलाची नोंद तीच होती. साथीवर गायकाचा विश्वास बसला याची याहून सरळ खूण मला माहीत नाही.

तिचा धैवत निषादाचा कण घेऊन यायचा, आणि केदार-कामोद हे राग शेजारी असूनही हमीर कुठं डगमगला नाही. द्रुतात मात्र सपाट ताना दोन-तीनदा कल्याण रागाकडे झुकल्या. तराण्याच्या शेवटी लय वाढली तशी काकांचे बोल पुसट झाले, हात पळायला लागला. मग खमाज रागातला टप्पा, हा जलद तानांचा गानप्रकार. तो तिनं फार सुंदर गायला, खटके-जमजमे दाणेदार.

घरी येऊन मजकूर लिहिला. काकांवर दोन ओळी होत्या: "ऐनवेळी साथीला बसलेल्या तबलावादकांचा तिलवाडा हा या मैफलीचा पाया होता, मोकळ्या जागा त्यांनी गायिकेसाठी राखल्या. तराण्यात मात्र वाढलेल्या लयीत बोल अस्पष्ट झाले." गायिकेबद्दलही असंच, धैवत आणि ताना दोन्ही. अशा लहान सभेत सगळे एकमेकांचे असतात. तिथं नुसतं 'उत्तम साथ केली' लिहिलं की तो नमस्कार होतो, ती दाद होत नाही. काय ऐकलं, कुठं ऐकलं हे सांगितलं तरच वाजवणाऱ्याला कळतं की कुणीतरी खरंच ऐकत होतं.

पावणेअकराला डेस्कवरून फोन आला. "मॅडम, मुख्य अतिथि और दीप प्रज्वलन नहीं है इसमें. और तबले पर दो लाइन?"

मी म्हटलं, "मुख्य अतिथि का नाम जोड़ लीजिए, दीप वाला रहने दीजिए. तबले की दोनों लाइनें चाहिए."

"जगह नहीं है."

"तो मेरे टप्पे वाले वाक्य से काटिए."

बराच वेळ बोलणं झालं. आयुष्यभर श्रोत्यांत बसलेल्या माणसानं तासभर गायकी पेलून धरली, आणि शहरानं ती सकाळी वाचायला नको? हे मी तळमळून सांगितलं. तो मुलगा शांतपणे ऐकत होता, त्याचा पानाचा हिशेब त्याच्यापाशी होता. सकाळी अंक पाहिला तर स्तुतीची ओळ होती, तराण्याची कापलेली. टप्प्याचं वाक्य शाबूत. मला वाईट वाटलं, कारण एक ओळ काढली की दुसरीही फिकी पडते.

दहाच्या सुमारास काकांचा फोन. आभार मानायला असेल असं वाटलं.

"ताई, तराण्याचं काही लिहिलं नाहीत?"

मी म्हटलं, "लिहिलं होतं काका, कापलं त्यांनी." आणि कापलेली ओळ वाचून दाखवली.

"हां. बरोबर आहे." मग जरा थांबून, "तिलवाड्याचं लिहिलंत ते वाचून मी बायकोला म्हटलं, हे खरं असेल का, की वयाकडे बघून लिहिलंय? आता ठीक आहे. मासिकात दोन्ही येऊ द्या."

मासिकाला दोन्ही वाक्यं एकाखाली एक दिली, आणि काळी एकचा तबला काळी दोनला कसा चढवला तेही लिहिलं, तिथं जागेची अडचण नव्हती. गायिकेनं तो अंक पुण्याला मागवून घेतला. आयोजकांना तिनं कळवलंय की पुढच्या खेपेला साथ याच काकांची हवी. काका सध्या सकाळी उठून द्रुताचा रियाज करतात, शेजाऱ्यांची त्याला काही हरकत नाही.