शॅपच्या माथ्यावर

आज शेजारच्या आजोबांना घेऊन शॅपला, उत्तर इंग्लंडमधल्या डोंगराळ भागात, गेले. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर, उमेदीची वर्षं सगळी लॉरीच्या स्टिअरिंगवर गेलेली. १९७० मध्ये इथला एम६ मोटरवे सुरू होईपर्यंत इंग्लंडमधून ग्लासगोकडे जाणारा कितीतरी माल याच जुन्या ए६ रस्त्यावरून, सुमारे १,४०० फुटांचा हा माथा ओलांडून जायचा.

गाडीतून उतरल्यावर बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग सुरू झाले. केबिनमध्ये हीटर नाही, गुडघ्यांवर गोणपाट. गार्डनर कंपनीचं डिझेल इंजिन, खालचा गिअर, माणूस चालेल त्या वेगाने चढण. १९५७ पर्यंत तर जड लॉरीला ताशी २० मैलांचीच मर्यादा होती! माल लॉरीच्या मागच्या उघड्या, सपाट फळीवर. ताडपत्री आणि दोर स्वतःच बांधायचे, पावसातसुद्धा. ती गाठ त्यांनी माझ्या ओढणीवर बांधून दाखवली. दोराला एक फास, त्यातून खाली ओढ, की ताण कितीतरी वाढतो. बोटं थरथरत होती, पण गाठ पहिल्या झटक्यात बसली. मला दोनदा करूनही जमली नाही.

माथ्याजवळ त्या काळच्या चालकांचं स्मारक आहे. बर्फात अडकलेल्यांना जेवण आणि आसरा देणाऱ्या गावकऱ्यांचीही त्यावर आठवण आहे, हे मला फार आवडलं. आजोबांनी तिथे टोपी काढली. म्हणाले, "एका घरात मी दोन रात्री काढल्या होत्या. पैसे घेतलेच नाहीत त्यांनी."

येताना ते झोपले. ओढणीची गाठ मी अजून सोडलेली नाही.