तुम्ही विचारलंत म्हणून: गिअरबॉक्स उतरवायचा का?

जुनी अँबेसेडर किंवा पद्मिनी बाळगणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात. गाडीखाली ऑईलचा डाग पडतो, स्टिअरिंगवरचा गिअर ढिला झालाय, आणि उस्ताद म्हणतो की गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. उतरवू का? माझं उत्तर बहुतेक वेळा ‘एवढ्यात नको’ असंच असतं. गळती आणि ढिला गिअर या दोन तक्रारी एकमेकींत अडकलेल्या असतात. त्या सोडवायचा क्रम चुकला, तर आज बसवलेलं सील (शाफ्टभोवती बसणारी, ऑईल अडवणारी रबरी कडी) थोड्याच दिवसांत पुन्हा पाझरतं आणि मग दोष सीलच्या माथी मारला जातो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी टोपी), मग माउंटिंग (गिअरबॉक्स ज्यावर बसतो ते रबर), मग लिंकेज (गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचे रॉड आणि सांधे), आणि सील शेवटी.

त्याआधी, पडतंय ते गिअरचंच ऑईल आहे का ते बघा. इंजिन ऑईल काळं आणि पातळ असतं. गिअर ऑईल मधासारखं, चिकट, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तिसरं काही पातळ, बोटाला बुळबुळीत आणि रंग उडवणारं असेल तर ते ब्रेकचं किंवा क्लचचं फ्लुइड, तो विषय वेगळा. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाच्या छोट्या भोकातून काळं ऑईल टपकत असेल तर गिअरबॉक्सला हात लावू नका. ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, मागच्या टोकाचं आहे. अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात तिथे रबरी सीलच नव्हतं. शाफ्टवर कोरलेली उलटी आटी ऑईल परत आत ओढायची. त्यामुळे थोडं पाझरणं हा त्या इंजिनाचा स्वभावच, आणि इंजिनाचा ब्रीदर तुंबला की तो जास्तच दिसतो.

जमिनीवरचा डाग खोटं बोलतो. गाडी चालताना वारा ऑईलला मागे ढकलतो, म्हणून पुढच्या झाकणातून निघालेला थेंब शेपटीकडून पडतो. रॉकेल आणि ब्रशने गिअरबॉक्स पूर्ण धुवा, सुकवा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि १०-१५ किलोमीटर फिरून या. पावडर जिथे ओली झाली त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा हे मूळ. गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर राहू नका. घोड्या (लोखंडी स्टँड) लावा आणि चाकामागे दगड ठेवा.

आता ब्रीदर. बहुतेक गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला बारीक भोकाची टोपी असते. ऑईल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात काळी माती उडून तिथे बसते, वाळते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. वाट बंद झाली की आतला दाब सगळ्यात कमकुवत सीलमधून ऑईल बाहेर ढकलतो. लांबच्या उन्हाळी प्रवासानंतर गळती आणि अंगणात उभी असताना काहीच नाही, असं असेल तर पहिला संशय इथेच घ्या. टोपी काढा, रॉकेलमध्ये बुडवा, तार फिरवा, फुंकून बघा. खर्च शून्य. डिफरन्शियललाही (मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरचा डबा) असाच ब्रीदर असतो, तोही याच वेळी उरका.

पातळी बघताना एक नियम पाळा: ड्रेन प्लगच्या आधी फिलर प्लग सोडून बघायचा. खालचं ऑईल सोडलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच राहते. गाडी सपाट जमिनीवर असताना फिलरच्या काठाला टेकेल एवढंच ऑईल भरायचं. ‘थोडं जास्त असू द्या’ म्हणून वर भरलेलं ऑईल तापलं की बाहेरच येतं. ड्रेन प्लगचं तांब्याचं वायसर पुन्हा वापरायचं असेल तर लालभडक तापवून पाण्यात बुडवा. ते मऊ पडतं आणि नीट दबतं.

ऑईल नव्वद नंबरचं, पण जीएल-४ दर्जाचं घ्या. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खातात. गळती थांबावी म्हणून १४० नंबरचं ओतायचा सल्लाही सर्रास मिळतो. मे महिन्यात त्यानं जरा बरं वाटेल. पण परभणीच्या थंडीत, पारा दहाच्या खाली गेलेल्या सकाळी, तेच ऑईल सिंक्रोला फिरू देत नाही आणि दुसरा गिअर दांडा धरून बसतो. गळती जाड ऑईलनं झाकायची नसते.

माउंटिंगकडे कुणी बघत नाही, आणि खरी गाठ तिथेच असते. स्टिअरिंग कॉलम बॉडीला पक्का आहे, गिअरबॉक्स मात्र रबरावर बसलाय. झिरपणारं ऑईल ते रबर पितं, रबर फुगून मऊ होतं आणि गिअरबॉक्स खाली बसतो. कॉलम जागेवर, गिअरबॉक्स खाली, आणि दोघांना जोडणारे रॉड तिरपे. मग गिअर पूर्ण बसत नाही. वरून तिरप्या ओढीनं गिअरबॉक्सच्या बाजूला आत जाणारा सिलेक्टर शाफ्ट एका अंगाला दाबला जातो, त्याचं छोटं सील घासतं आणि गळती वाढते. म्हणजे गळतीनं लिंकेज बिघडवलं आणि लिंकेजनं गळती वाढवली. परीक्षा सोपी आहे. जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून गिअरबॉक्स अगदी हलका, १०-१२ मिलिमीटर उचला आणि इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघा. दांडा एकदम शहाण्यासारखा वागला तर आधी रबर बदला.

आता लिंकेज. कॉलमवरचा दांडा दोन कामं करतो: अंगाकडे ओढला किंवा ढकलला की गल्ली, म्हणजे गिअरच्या जोडीची ओळ, बदलते, वर-खाली केला की गिअर पडतो. म्हणून खराबी कुठे आहे ते लक्षणावरून कळतं. दुसऱ्यातून तिसऱ्याला जाताना भलतीच गल्ली सापडत असेल तर गल्ली निवडणाऱ्या दुव्यात प्ले (ढिलेपणा) आहे. गल्ली बरोबर, पण गिअर अर्धवट बसून ओझ्याखाली उडत असेल तर ओढणारा दुवा बघा. एकानं दांडा हलवायचा, दुसऱ्यानं खालून गिअरबॉक्सवरच्या आर्मकडे बघायचं. वरचा दांडा हलला आणि खालचा आर्म थांबून मग हलला, तर तेवढा प्ले वाटेतल्या सांध्यांत आहे. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा, ठकठक बोटाला लागते.

हा प्ले वर पोचेपर्यंत मोठा होतो. समजा वरच्या दांड्याची लांबी २४ सेंटिमीटर आणि खालच्या आर्मची ६. तीन सांध्यांत प्रत्येकी एक मिलिमीटर प्ले असेल तर खाली ३ मिलिमीटर आणि मुठीपाशी १२. मुठीपाशी बोटभर हलतं म्हणून सगळं लिंकेज फेकायची गरज नसते. तीन बुश (सांध्याच्या भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या) आणि तीन पिना एवढंच काम निघू शकतं.

पण नुसता नवा बुश घातला की काम झालं असं नाही. आर्ममधलं भोक अंडाकृती झालं असेल तर नवा बुश त्यात डुलत राहतो. एक तर भोक वेल्डिंगनं भरून नव्यानं पाडा, नाहीतर मोठं गोल करून लेथवाल्याकडून बाहेरून जाड बुश करून ठोकून बसवा. पिनेला पायरी पडली असेल तर पीनही बदला. पिनेच्या जागी बोल्ट घालायची सवय वाईट. बोल्टची आटी भोकाला कानशीसारखी घासते. बुश गनमेटलचा चालतो, पण आपल्या धुळीला मला नायलॉन पसंत आहे. त्याला ग्रीस लागत नाही. उघड्या सांध्यावरचं ग्रीस ऊस वाहतुकीच्या कच्च्या रस्त्यावर धूळ धरतं आणि त्याची घासणारी पेस्ट होते. नायलॉन दमटपणानं फुगतो, म्हणून ८ मिलिमीटरच्या पिनेवर ०.१५ ते ०.२ मिलिमीटर सुट (मोकळी फट) ठेवायला सांगा. गनमेटलला ०.१ पुरते. बाजूला वेव्ह वायसर आणि नवी स्प्लिट पीन. जुनी सरळ करून वापरू नका. कॉलमच्या खालच्या ब्रॅकेटमधला बुशही बघा, तो हमखास विसरला जातो.

जोडणी न्यूट्रलमध्ये. गिअरबॉक्स न्यूट्रलला, वरचा दांडा त्याच्या न्यूट्रलच्या जागी, आणि रॉडची लांबी अशी की पीन जोर न लावता भोकात जावी. मग लॉकनट. चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा: गिअर पूर्ण बसल्यावरही दांड्याला थोडी चाल उरली पाहिजे. आधीच कॉलमला अडला तर आत दात अर्धेच बसले आहेत. असा गिअर उडतो, आणि उडता उडता दातांच्या कडा गोल करून ठेवतो. नंतर मात्र लिंकेज कितीही सुधारलं तरी उपयोग नाही.

दोन गोष्टी मात्र लिंकेजच्या माथी मारू नका. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आणि या दोन्ही गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत पहिला करकरला तर तो दोष नव्हे.

एवढं झाल्यावर सील. शेपटीचं सील बदलण्याआधी आउटपुट शाफ्ट हातानं वर-खाली हलवून बघा. तो डुलत असेल तर बेअरिंग गेलंय आणि नवं सील वाया जाणार. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर पंचनं जुळणीची खूण करा, मग सोडा. जुन्या सीलवर माप कोरलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा, जाडी. मोंढ्याजवळच्या बेअरिंगच्या दुकानात त्या मापाचं सील मिळतं, गाडीचं नाव सांगायची गरज नाही. सील जिथे फिरतं तिथे शाफ्टवर नख अडकेल अशी चर असेल तर सील दोनेक मिलिमीटर मागे-पुढे बसवा, ओठ कोऱ्या जागेवर येईल. स्प्रिंगची बाजू ऑईलकडे, ओठाला ग्रीस, स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांब खाचांवर) टेप. बाहेरच्या व्यासाएवढा पाइप लावून चहूबाजूंनी समान ठोका.

झाकणाच्या पॅकिंगला अर्धा मिलिमीटरचा गॅस्केट कागद पुरतो. पत्र्याचं झाकण बोल्टपाशी आत दबलं असेल तर आधी ऐरणीवर सपाट करा, नाहीतर जितकं आवळाल तितकं गळेल. सिलिकॉनचा थर दिला तर जादा भाग आत लोंबतो आणि तुटून ऑईलमध्ये फिरतो. अँबेसेडरचे बोल्ट इंची, पद्मिनीचे मेट्रिक. अदलाबदल केली की अ‍ॅल्युमिनियमची आटी गेलीच. मीटरची सुई थरथरते आणि केबलला ऑईल लागतंय, तर स्पीडोमीटर ड्राइव्हचं सील बघा. फिरती केबल स्क्रूसारखी ऑईल वर चढवते.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते ती तीन प्रसंगी. बेल हाउसिंगच्या भोकातून गिअरचंच ऑईल येतंय आणि क्लच घसरतोय. काढलेल्या ऑईलमध्ये पितळी चमक किंवा लोखंडाचे कपचे आहेत. बोटावरची करडी भुकटी चालते, कपचे नाही. किंवा लिंकेज, माउंटिंग सगळं करूनही दुसरा गिअर उतारावर ॲक्सिलेटर सोडताच उडतो. अशा वेळी उतरवाच, आणि उतरवलाच आहे तर पुढचं सील, क्लच प्लेट आणि रिलीझ बेअरिंग एकाच खेपेत बघून घ्या. काहीही केलं असलं तरी २०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा गाडीखाली जा, फिलरची पातळी बघा आणि रॉडचे लॉकनट पाना लावून तपासा.